लहान आउटबोर्ड इंजिनाचे आरपीएम आणि प्रोपेलरची निवड : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

होडीच्या मागच्या कडेला बाहेरून अडकवलेल्या लहान आउटबोर्ड इंजिनावरचा प्रोपेलर (पाणी ढकलणारा पंखा) बहुतेक जण बदलतात तो मोडला म्हणून. तो आपल्या होडीला मानवत नाही म्हणून बदलणारे थोडेच. इंजिन विकत घेताना त्यासोबत जो प्रोपेलर येतो, तो सरासरी होडी आणि सरासरी भार गृहीत धरून दिलेला असतो. आपली होडी तशी आहे का, हे इंजिनाचे दर मिनिटाचे फेरे (आरपीएम) मोजल्याशिवाय ठरवता येत नाही. पुढील उत्तरे साधारण २ ते ३० अश्वशक्तीच्या पेट्रोल इंजिनांना धरून लिहिली आहेत.

दोरी ओढून सुरू होणाऱ्या छोट्या इंजिनाला टॅकोमीटर (फेरे मोजणारा मीटर) खरोखर लागतो का?

लागतो. मोटारीत चढ आला की आपण खालचा गिअर टाकतो. आउटबोर्डला पुढे जाण्यासाठी एकच गिअर असतो, आणि तोही कारखान्यातच ठरलेला. इंजिनावर पडणारा भार आपल्याला बदलता येतो तो मुख्यतः प्रोपेलर बदलूनच. तो प्रोपेलर योग्य आहे की नाही, हे नुसत्या वेगावरून कळत नाही आणि कानालाही सहसा कळत नाही, कारण ४८०० आणि ५४०० आरपीएममधला फरक वाऱ्याच्या व पाण्याच्या आवाजात मुरलेल्या माणसालाही खात्रीने सांगता येत नाही. इंजिनाचे आयुष्य मात्र याच फरकावर अवलंबून असते. माझ्या मते होडीच्या इतर कोणत्याही सोयीआधी टॅकोमीटर बसवावा.

पूर्ण थ्रॉटलला (इंधन-मिश्रणाची झडप पूर्ण उघडल्यावर) किती आरपीएम मिळायला हवेत?

प्रत्येक इंजिनाच्या माहितीपुस्तिकेत पूर्ण थ्रॉटलसाठी एक पट्टा दिलेला असतो. अनेक लहान फोर-स्ट्रोक इंजिनांसाठी तो ५००० ते ६००० असतो, काहींसाठी ४५०० ते ५५००. अश्वशक्ती सारखी असली तरी दोन इंजिनांचे पट्टे वेगळे असू शकतात, म्हणून शेजारच्या होडीचा आकडा आपल्याला लावू नये. नेहमीचा भार घेऊन, गरम झालेल्या इंजिनाने पूर्ण थ्रॉटलला या पट्ट्याच्या वरच्या अर्ध्या भागात पोहोचावे, हा निवडीचा पाया आहे. पट्टा ५००० ते ६००० असेल, तर ५५०० किंवा त्याच्या थोडे वर हे चांगले लक्ष्य समजावे.

पट्टा पूर्ण थ्रॉटलसाठी असतो, एवढे मात्र लक्षात ठेवावे. रोजच्या प्रवासात इंजिन ४००० वर चालवले, तर त्यात गैर काही नाही. थ्रॉटल पूर्ण उघडल्यावरही इंजिन त्या पट्ट्यात पोहोचत नसेल, तेव्हाच काळजी करावी.

माझे इंजिन पूर्ण थ्रॉटलला ४५०० च्या वर जात नाही, पण आवाज शांत आहे. त्यात वाईट काय?

हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण यातले नुकसान आवाज न करता होते. प्रोपेलरचा पिच (एका फेऱ्यात त्याने सैद्धांतिक दृष्ट्या पुढे सरकायचे अंतर) जास्त असला, की इंजिनाला प्रत्येक फेऱ्यात पेलवेल त्यापेक्षा जास्त पाणी ढकलावे लागते. थ्रॉटल पूर्ण उघडा असल्याने सिलिंडरमध्ये भरपूर मिश्रण येते, पण पिस्टनला वेग घेता येत नाही. त्यामुळे प्रत्येक स्फोटाचा दाब आणि उष्णता पिस्टन, पिस्टन रिंगा व बेअरिंग यांना जास्त वेळ सोसावी लागते. पुढे काजळी धरते, नॉकिंग (मिश्रणाचा अवेळी स्फोट) सुरू होऊ शकते, आणि ते तसेच चालू राहिले तर पिस्टनला इजा होते. उंच गिअरमध्ये घाट चढवल्या जाणाऱ्या मोटारीची जी घुसमट होते, तीच ही अवस्था. फरक इतकाच, की मोटार हिसके देऊन तक्रार करते आणि पाणी ती तक्रार गिळून टाकते.

शक्तीचाही तोटा होतो. इंजिनाची नोंदवलेली अश्वशक्ती ठरावीक फेऱ्यांवरच मिळते. ५५०० ला १५ अश्वशक्ती देणारे इंजिन ४५०० वर अडकले, तर ती १५ अश्वशक्ती त्याच्या मालकाला कधीच मिळत नाही, आणि बहुधा तो ‘हे इंजिन कमी पडते’ अशी समजूत करून मोठे इंजिन शोधू लागतो. अशा कित्येकांचे काम दोन इंच कमी पिचच्या प्रोपेलरने झाले असते.

आणि पट्ट्याच्या वर गेले तर?

भार फार हलका आहे, म्हणजे पिच कमी पडतो आहे. इंजिन मर्यादेबाहेर फिरले, तर कनेक्टिंग रॉड, व्हॉल्व्ह आणि बेअरिंग यांवर ताण येतो. ज्या इंजिनांत फेरे रोखणारी यंत्रणा असते, त्यांत मर्यादेला स्पार्क तुटून इंजिन अडखळते. अनेक छोट्या इंजिनांत ती नसते, तेथे टॅकोमीटर हाच एक राखणदार.

टॅकोमीटर कोणत्या प्रकारचा घ्यावा?

बॅटरी भरण्याची कॉइल नसलेल्या छोट्या इंजिनासाठी सर्वांत सोपा प्रकार म्हणजे स्पार्क प्लगच्या जाड तारेवरून संकेत घेणारा छोटा डिजिटल मीटर. त्याची पातळ वायर प्लगच्या तारेभोवती चार-पाच वेळा गुंडाळायची असते; त्याला इंजिनाच्या बॅटरीची गरज नसते, आणि अशा बऱ्याच मीटरमध्ये इंजिन किती तास चालले याचीही नोंद राहते, जी तेल बदलताना उपयोगी पडते. वेढे जास्त झाले किंवा वायर दुसऱ्या सिलिंडरच्या तारेजवळून गेली, की आकडे उड्या मारू लागतात. वायर फ्लायव्हीलपासून (इंजिनाबरोबर फिरणाऱ्या जड चाकापासून) दूर राहील अशी बांधून घ्यावी.

बॅटरी भरणारी कॉइल असलेल्या इंजिनावर काट्याचा टॅकोमीटर बसतो आणि तो त्या कॉइलचे स्पंद मोजतो. फ्लायव्हीलखालील चुंबकीय ध्रुव १२ असतील, तर प्रत्येक फेऱ्याला ६ स्पंद मिळतात. मीटरच्या मागची चकती या संख्येशी जुळवावी लागते. ६ स्पंदांच्या इंजिनावर मीटर ५ स्पंदांवर लावला, तर तो सहापंचमांश आकडा दाखवील : खरे ५००० असताना काटा ६००० वर, आणि मालक निर्धास्त. नव्या इलेक्ट्रॉनिक इंधनप्रणालीच्या इंजिनांत हा आकडा इंजिनाच्या संगणकाकडूनच घेता येतो आणि तो सर्वांत विश्वासार्ह असतो.

परावर्तक पट्टी चिकटवून प्रकाशाने फेरे मोजणारे हातातले यंत्र कार्यशाळेत ठीक आहे. चालत्या होडीत इंजिनाचे झाकण काढून, उघड्या फ्लायव्हीलकडे वाकून मोजणी करण्याचा सल्ला मी कोणालाही देणार नाही.

मीटर बरोबर दुप्पट किंवा निम्मा आकडा दाखवतो. तो बिघडला आहे का?

बहुधा नाही, स्पार्कची मांडणी चुकली आहे. टू-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडरला दर फेऱ्याला एक स्पार्क मिळतो. फोर-स्ट्रोकला खरे तर दोन फेऱ्यांत एकच स्पार्क पुरतो, परंतु अनेक छोट्या फोर-स्ट्रोक इंजिनांत रचना सोपी ठेवण्यासाठी दर फेऱ्याला स्पार्क दिला जातो आणि त्यातला एक वाया जातो. ‘फोर-स्ट्रोक आहे’ एवढ्यावरून मीटर दोन फेऱ्यांना एक स्पार्क असा लावला, तर अशा इंजिनावर आकडा दुप्पट येतो. पडताळणीसाठी इंजिन गरम करून न्यूट्रलमध्ये आयडलवर (थ्रॉटल न देता, सर्वांत कमी फेऱ्यांवर) सोडावे आणि मीटरचा आकडा माहितीपुस्तिकेतील आयडलच्या आकड्याशी ताडून पाहावा. दुप्पट-निम्म्याची चूक तेथेच उघडी पडते.

प्रोपेलरवर कोरलेल्या दोन आकड्यांचा अर्थ काय?

पहिला आकडा व्यास, दुसरा पिच. दोन्ही बहुधा इंचांत असतात. प्रोपेलरवर ९¼ × ९ असे लिहिलेले असेल, तर पात्यांच्या टोकांनी आखलेल्या वर्तुळाचा व्यास ९¼ इंच, आणि एखाद्या घट्ट पदार्थात स्क्रू शिरावा तसा हा प्रोपेलर एका पूर्ण फेऱ्यात सैद्धांतिक दृष्ट्या ९ इंच पुढे सरकला असता. आकड्यांच्या पुढे-मागे असलेली अक्षरे हबचा (पाती जोडलेल्या मधल्या भागाचा) प्रकार किंवा पात्यांची घडण सांगतात. ती खुणेची अक्षरे उत्पादकागणिक बदलतात, म्हणून नवा प्रोपेलर मागवताना आकड्यांबरोबर तीही उतरवून घ्यावीत.

आरपीएम बदलण्यासाठी पिच किती बदलावा?

प्रचलित ठोकताळा असा, की पिच १ इंचाने कमी केला तर पूर्ण थ्रॉटलला १५० ते २०० आरपीएम वाढतात, आणि १ इंचाने वाढवला तर तितकेच कमी होतात. समजा, पट्टा ५००० ते ६००० आहे, ११ पिचचा प्रोपेलर आहे, आणि नेहमीच्या भाराला इंजिन ४९०० वर थांबते. ९ पिच लावल्यास ते ५२०० ते ५३०० च्या आसपास येईल, आणि ८ लावल्यास ५३५० ते ५५०० पर्यंत. मी अशा वेळी आधी ९ लावून पाहीन, कारण पिच मुळातच लहान असताना १ इंच हा प्रमाणाने मोठा बदल असतो : २१ मधून १ कमी करणे आणि ९ मधून १ कमी करणे यांत बराच फरक आहे. त्यामुळे छोट्या इंजिनांवर प्रत्यक्ष परिणाम ठोकताळ्यापेक्षा जास्त येऊ शकतो. शक्य असेल, तर विकत घेण्याआधी एखाद्या परिचिताचा प्रोपेलर तासाभरासाठी मागून चाचणी घ्यावी.

व्यासाचा विचार वेगळा करण्याची वेळ क्वचितच येते. पिच कमी होत जातो तसा व्यास थोडा वाढवण्याची काळजी उत्पादकाने घेतलेली असते, आणि गिअरबॉक्सवर, प्रोपेलरच्या वर असलेल्या आडव्या प्लेटखाली जेवढी जागा असते, तिच्या पलीकडे व्यास जाऊच शकत नाही.

चाचणी नेमकी कशी घ्यावी?

इंजिन आधी पाच-दहा मिनिटे मध्यम गतीने चालवून गरम करावे. होडीत नेहमी असतात तितकी माणसे, तितके पेट्रोल आणि तितके सामान घ्यावे. रिकाम्या होडीत एकट्याने घेतलेल्या चाचणीवर निवड केली, तर सर्व जण बसल्यावर ती निवड चुकते. तळ स्वच्छ हवा, पाणी शांत हवे, मार्ग मोकळा हवा. थ्रॉटल पूर्ण उघडून आकडा स्थिर होईपर्यंत, साधारण दहा सेकंद, तसाच ठेवावा, कारण स्वस्त मीटर एक-दोन सेकंदांनीच आकडा बदलतात. जीपीएसवरचा वेग त्याच वेळी टिपून घ्यावा. मग वळून उलट दिशेने तेच पुन्हा करावे आणि सरासरी काढावी, म्हणजे वारा व प्रवाह यांचा परिणाम निघून जातो. इंजिन बंद करणारी सुरक्षा-दोरी चालकाच्या अंगाला अडकवलेली असावी. आकडा पट्ट्याच्या वर जाताना दिसला, तर चाचणी पूर्ण करण्याच्या नादात न पडता थ्रॉटल लगेच कमी करावा. नवे इंजिन असेल, तर पुस्तिकेत दिलेला रुळवण्याचा काळ, जो बऱ्याच इंजिनांसाठी पहिले १० तास असतो, संपल्याशिवाय ही चाचणी घेऊ नये.

आकडे वहीत लिहावेत. आठवणीतले आरपीएम प्रत्येक वेळी थोडे वाढतात.

‘घसर’ म्हणजे काय, आणि ती कशी काढावी?

पाणी लाकडासारखे घट्ट नसल्यामुळे प्रोपेलर पिचएवढा पुढे कधीच जात नाही. सैद्धांतिक आणि खऱ्या वेगातल्या या तफावतीला घसर किंवा स्लिप म्हणतात. सैद्धांतिक वेग ताशी किलोमीटरमध्ये काढण्यासाठी आरपीएमला इंचांतील पिचने गुणावे, आलेल्या संख्येला गिअरच्या प्रमाणाने (प्रोपेलरच्या एका फेऱ्याला इंजिनाचे जितके फेरे होतात त्या आकड्याने) भागावे, आणि पुन्हा ६५६ ने भागावे. उदाहरणार्थ, ५५०० आरपीएम, ९ पिच आणि २.०८ गिअर प्रमाण असताना उत्तर सुमारे ३६.३ येते. जीपीएस त्या वेळी २९ दाखवत असेल, तर घसर साधारण २० टक्के झाली.

पाण्यावर उचलल्या जाणाऱ्या हलक्या होडीत १० ते २० टक्के घसर नेहमीची समजावी. जड, पाणी कापत चालणाऱ्या होडीत ती ४० टक्क्यांच्या वरही असू शकते आणि त्यात दोष नसतो. हलक्या होडीची घसर अचानक ३५ टक्के आली, तर मात्र पाती वाकली आहेत का, हब सुटला आहे का, इंजिन जास्त उंचावर बसले आहे का, हे तपासावे. उलट घसर शून्याच्या खाली आली, तर मोजणीतच चूक आहे : बहुधा मीटरची मांडणी किंवा गिअरचे प्रमाण.

मी कधी एकटा जातो, कधी चौघे जण. एकच प्रोपेलर चालेल का?

लहान होडीत हा खरा पेच असतो, कारण तीन माणसांचे वजन होडी आणि इंजिनाच्या एकत्रित वजनाइतके भरू शकते. निवड जड भाराला धरून करावी : चौघांसह इंजिन पट्ट्याच्या मध्याजवळ पोहोचेल असा पिच घ्यावा, आणि एकटे असताना फेरे मर्यादेबाहेर जाऊ लागले तर थ्रॉटल थोडा मागे घ्यावा. हात आखडता घेणे चालकाच्या हातात असते. जास्त पिचमुळे घुसमटलेल्या इंजिनाला मोकळे करण्याचा उपाय पाण्यावर नसतो. दोन्ही टोकांमध्ये ६०० आरपीएमहून अधिक फरक पडत असेल, तर मी दोन प्रोपेलर बाळगीन. बदलायला दहा मिनिटे लागतात, आणि एक आपोआप राखीव होतो.

शिडाच्या किंवा जड, संथ होडीसाठी काय निवडावे?

अशी होडी स्वतःच्या लाटेच्या वर चढत नाही, त्यामुळे तिच्या वेगाला पाण्यातल्या लांबीची मर्यादा असते. मीटरमधील लांबीच्या वर्गमुळाला २.४३ ने गुणले, की ती मर्यादा नॉटमध्ये मिळते. ५ मीटर लांबीसाठी सुमारे ५.४ नॉट, म्हणजे ताशी १० किलोमीटर. वरच्याच सूत्राने ५५०० आरपीएम आणि २.०८ प्रमाणासाठी पाहिले, तर घसर नसताना या वेगाला जेमतेम २.५ इंच पिच लागेल; ५० टक्के घसर धरली तरी ५ इंच. यावरून अशा होडीवर ९ पिचचा प्रोपेलर इंजिनाची काय अवस्था करील, हे स्पष्ट होते. येथे मोठा व्यास, कमी पिच आणि रुंद पाती हवीत. काही उत्पादक याच कामासाठी २.९२ सारख्या मोठ्या गिअर प्रमाणाची इंजिने देतात. त्यांत प्रोपेलर सावकाश फिरतो, पण मोठा बसतो, आणि मागे घेताना, थांबवताना होडी ताब्यात राहते. संथ होडीसाठी नवे इंजिन घेणार असाल, तर अश्वशक्तीच्या आकड्याआधी हे प्रमाण विचारा.

तीन पाती की चार? ॲल्युमिनियम की स्टेनलेस स्टील?

चार पात्यांचा प्रोपेलर पाणी अधिक घट्ट धरतो, कंप कमी करतो आणि जड भाराने होडी लवकर उचलतो. त्याचा भार जास्त असल्याने सहसा पिच १ इंच कमी घ्यावा लागतो. हलक्या होडीच्या कमाल वेगासाठी तीन पाती पुरतात. धातूबाबत माझा कल छोट्या इंजिनांसाठी ॲल्युमिनियमकडे आहे. स्टीलचे पाते पातळ आणि ताठ असते, हे खरे. परंतु खडकावर आदळल्यावर ॲल्युमिनियमचे पाते वाकते वा तुटते आणि त्यात धक्क्याचा काही भाग जिरतो, तर स्टीलचे पाते तो पुढे गिअरकडे पाठवू शकते.

वळताना इंजिन एकाएकी किंचाळते आणि होडी ढिली पडते. हे काय आहे?

पृष्ठभागावरची हवा प्रोपेलरपर्यंत ओढली गेली आहे. प्रोपेलर पाण्याऐवजी हवेच्या फेसात फिरतो, भार नाहीसा होतो आणि फेरे क्षणात मर्यादेबाहेर जातात. थ्रॉटल लगेच कमी करावा आणि प्रोपेलरने पुन्हा पाणी धरल्यावर हळूहळू उघडावा. हे वारंवार होत असेल, तर इंजिन फार उंच बसले आहे किंवा ट्रिमची पिन (इंजिनाचा कल ठरवणारी पिन) फार बाहेरच्या छिद्रात आहे. प्रोपेलरच्या वरची आडवी प्लेट होडीच्या तळाच्या रेषेत किंवा तिच्या सुमारे २५ मिलिमीटर खाली असावी. १५ इंची आणि २० इंची ट्रान्समसाठी (इंजिन अडकवण्याच्या मागच्या फळीसाठी) इंजिनाचे दांडे वेगवेगळे असतात. त्यांची अदलाबदल झाली असेल, तर कोणताही प्रोपेलर हा दोष झाकणार नाही.

या प्लेटला अनेक जण कॅव्हिटेशन प्लेट म्हणतात, पण तिचे काम हवा अडवण्याचे आहे. कॅव्हिटेशन वेगळे : पात्याजवळचा दाब इतका घटतो, की पाणी तेथल्या तेथे उकळून बुडबुडे होतात, आणि ते फुटताना धातूला बारीक खड्डे पाडतात. पात्यावर असे खड्डे दिसले, तर कडेचा एखादा टवका किंवा प्रोपेलरच्या पुढ्यातील अडथळा शोधावा.

फेरे वाढतात, पण होडी वेग घेत नाही, आणि वळणाशी त्याचा संबंध नाही. कारण काय?

बहुतेक प्रोपेलरच्या हबमध्ये धक्का सोसणारे रबर असते, आणि ते घसरू लागले की नेमके असेच होते. कमी थ्रॉटलला सर्व ठीक वाटते, जोर दिला की सुटते. हबच्या आतल्या व बाहेरच्या भागावर मिळून एक सरळ रेघ आखावी, होडी जोराने चालवून यावी आणि रेघ पाहावी. ती तुटलेली दिसली, तर रबर गेले. सर्वांत छोट्या इंजिनांत रबराऐवजी शिअर पिन (धक्का बसताच मुद्दाम तुटणारी मऊ धातूची पिन) असते. ती तुटली, की प्रोपेलर फिरतच नाही. तिच्या जागी खिळा घालू नये, कारण पुढच्या धक्क्याला खिळा टिकतो आणि गिअर तुटतो.

पूर्वी ५५०० मिळत होते, आता त्याच प्रोपेलरवर ५००० मिळतात. प्रोपेलर बदलू का?

आधी नको. तळावरचे शेवाळ व शिंपले, होडीत मुरलेले पाणी, घाण झालेला प्लग किंवा कार्ब्युरेटर, पूर्ण न उघडणारी थ्रॉटलची केबल, यांपैकी काही आहे का पाहावे. घटलेल्या शक्तीवर कमी पिचचा उतारा दिला, तर दोष दडून राहतो. समुद्रसपाटीवरून उंचावरच्या जलाशयात गेल्यास मात्र घट खरी असते : दर ३०० मीटरला इंजिनाची शक्ती सुमारे ३ टक्क्यांनी घटते, आणि १५०० मीटर उंचीवर एक-दोन इंच कमी पिच लागू शकतो. खाली परतल्यावर मूळ प्रोपेलर पुन्हा चढवण्यास विसरू नये.

दुसऱ्या कंपनीचा प्रोपेलर बसेल का?

दांड्यावरील खाचांची संख्या, निमुळतेपणा, थ्रस्ट वॉशर (प्रोपेलरचा रेटा दांड्यावर घेणारी चकती) आणि व्यासाला मिळणारी जागा या चारही गोष्टी जुळल्या तर बसेल. मात्र दोन उत्पादकांचे समान आकड्यांचे प्रोपेलर सारखेच फेरे देतील असे नाही, कारण पात्याची रुंदी आणि मागच्या कडेचा वळसा वेगळा असतो. बसवल्यावर चाचणी पुन्हा घ्यावी.

प्रोपेलर काढताना कोणती काळजी घ्यावी?

सुरक्षा-दोरी काढून ठेवावी, गिअर न्यूट्रलला आणावा आणि प्रत्येक स्पार्क प्लगची टोपी उपसून बाजूला करावी. हाताने फिरवलेल्या प्रोपेलरने इंजिन सुरू झाल्यास बोटे जातात. पात्यात लाकडाचा तुकडा अडकवून नट सोडवावा. प्रोपेलर निघाल्यावर दांड्याच्या मुळाशी मासेमारीचा दोरा गुंडाळला आहे का ते पाहावे, कारण तो तेलाचे सील कापतो आणि गिअरच्या तेलात पाणी शिरून ते दुधाळ होते. दांड्याला पाण्यात टिकणारे ग्रीस लावावे, थ्रस्ट वॉशर होता त्याच बाजूने बसवावा आणि स्प्लिट पिन नवी घालावी. राखीव प्रोपेलर होडीत ठेवणार असाल, तर त्याच्या पिशवीत नट, वॉशर, दोन स्प्लिट पिना, पक्कड आणि त्या नटाला बसणारा पानाही ठेवावा.